फळ्यामागचे डबे आणि समुपदेशकाची खुर्ची



२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुकदेब साहा विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या प्रकरणात निकाल दिला. विशाखापट्टणमला नीटची तयारी करणाऱ्या एका सतरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूचे हे प्रकरण होते. न्यायालयाने तपास सीबीआयकडे सोपवला आणि त्याचबरोबर देशभरातील शाळा, महाविद्यालये, वसतिगृहे व कोचिंग क्लासेससाठी पंधरा मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता असलाच पाहिजे, हे त्यातले एक. कायदा होईपर्यंत हीच तत्त्वे बंधनकारक राहतील, असेही न्यायालयाने सांगितले.

आमच्या अभ्यासवर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्या दिवशी दोन तट पडले. एका तटाने पेढ्याचे फोटो टाकले. दुसरा तट म्हणाला, 'हे वरच्यांचे चोचले आहेत. आपल्या पोरांना समुपदेशन नको, न्याय हवा. जातीने छळायचे आणि मग मन शांत ठेवायला शिकवायचे, हा मनुवादाचा नवा अवतार आहे.'

आम्ही बरीच वर्षे या दुसऱ्या तटात होतो. आज पूर्णपणे नाही. का नाही, ते सांगण्यासाठीच हा लेख लिहितो आहोत, आणि त्यासाठी इतिहासात जरा मागे जावे लागेल. विद्यार्थ्याच्या मनाची काळजी हा प्रश्न आपल्याकडे कोणी, कधी आणि कोणत्या बाजूने हाताळला, हे पाहिल्याशिवाय आजच्या समुपदेशकाच्या खुर्चीचा अर्थ कळत नाही.

सुरुवात साताऱ्याच्या शाळेपासून करू. भीमराव नावाचा मुलगा वर्गात वेगळ्या गोणपाटावर बसतो. ते गोणपाट संध्याकाळी घरी न्यायचे आणि सकाळी परत आणायचे, कारण शाळेचा गडी त्याला हात लावणार नाही. तहान लागली तर शिपायाने नळ सोडायचा. शिपाई नसेल तर पाणी नाही. हे बाबासाहेबांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये लिहून ठेवले आहे. पुढे मुंबईला एल्फिन्स्टन हायस्कुलात गणित सोडवायला त्यांना फळ्याकडे बोलावले, तेव्हा सवर्ण मुले फळ्यामागे ठेवलेले आपले जेवणाचे डबे उचलायला धावली, ही आठवण चरित्रकारांनी नोंदवली आहे. आपण हे प्रसंग जयंतीच्या भाषणांत इतक्या वेळा ऐकतो की ते आता प्रस्तावनेसारखे वाटतात. ते एकदा शाळेच्या मानसिक आरोग्याचा दस्तऐवज म्हणून वाचून पाहा. चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा सगळ्या वर्गासमोर खडू घेऊन उभा आहे आणि त्याच्या पाठीमागे डब्यांची पळापळ चालली आहे. त्या वर्गातल्या शिक्षकाने त्या मुलाशी नंतर काही बोलल्याची नोंद नाही.

त्या काळात या मुलाला मानसिक आधार म्हणून काय मिळाले? साताऱ्याला आंबेडकर नावाचे शिक्षक मधल्या सुट्टीत आपल्या डब्यातली भाजी-भाकरी देत. मुंबईत शाळा सुटल्यावर भीमराव चर्नी रोडच्या बागेत वाचत बसत. तिथे विल्सन हायस्कुलातले कृष्णाजी अर्जुन केळुसकर येत. त्यांनी या मुलाची चौकशी केली, त्याला पुस्तके दिली, मॅट्रिक झाल्यावर आपले बुद्धचरित्र भेट दिले आणि पुढे सयाजीराव गायकवाडांकडे शब्द टाकून दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्तीही मिळवून दिली. आमच्या मते केळुसकर गुरुजींचे हे काम नीट पाहिले पाहिजे. ते बागेत येऊन मुलाशेजारी बसले. त्याला 'तू जास्त मनावर घेतोस' असे म्हणाले नाहीत. पुस्तक दिले, ओळख दिली आणि पैशाची सोयही केली. आधार आणि व्यवस्था एकाच माणसाच्या हातून आले. पुढच्या शंभर वर्षांत या दोन गोष्टींची फारकत झाली, आणि आपल्या मुलांची हानी तिथेच झाली.

सप्टेंबर १९१७ चा बडोद्याचा प्रसंग तर तुम्हाला ठाऊकच आहे. पण त्यातला एक तपशील भाषणांत येत नाही. पारशी धर्मशाळेच्या त्या मोठ्या, रिकाम्या, अंधाऱ्या दालनात बाबासाहेब एकटे राहत होते. ती जागा त्यांना अंधारकोठडीसारखी वाटे, माणसाच्या सोबतीसाठी जीव तळमळे. मुंबईहून त्यांचा भाचा सामान घेऊन आला. मामाची अवस्था पाहून तो इतक्या मोठ्याने रडू लागला की बाबासाहेबांना त्याला ताबडतोब परत पाठवावे लागले. अकराव्या दिवशी लाठ्या घेऊन पारशी आले. सगळी दारे बंद झाल्यावर बाबासाहेब बागेत जाऊन बसले, तेव्हा त्यांना आई-वडिलांची आठवण आली. पोरके मूल जसे आठवण काढते तशी, असे ते स्वतः लिहितात. ही दोन्ही माणसे तोवर हयात नव्हती. कोलंबिया विद्यापीठात आणि लंडनमध्ये शिकून आलेला हा माणूस हे लपवत नाही, लिहून ठेवतो. १९२६ मध्ये राजरत्न गेला तेव्हाही त्यांनी आपले मित्र दत्तोबा पवार यांना पत्रात आपले कोसळलेपण मोकळेपणाने कळवले होते. आम्ही हे मुद्दाम सांगतो आहोत. पुढे त्याचे काम पडेल.

बाबासाहेबांनी या अनुभवातून जो निष्कर्ष काढला तो संस्थात्मक होता. त्यांच्याआधी शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह काढले होते. १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि तिच्या पहिल्या कामांपैकी एक म्हणजे जानेवारी १९२५ मध्ये सोलापूरला सुरू केलेले वसतिगृह. सभेने वसतिगृहालाच इतके महत्त्व का दिले? खेड्यातून आलेल्या मुलाला शहरात कोणी खोली देत नव्हते, हे एक कारण झालेच. दुसरे असे की, एकट्या पडलेल्या मुलाला त्याच्यासारखी आणखी चाळीस मुले दिसली की त्याला पहिल्यांदा कळते, दोष आपल्यात नाही. 'मला गणित येत नाही' आणि 'मला गणित शिकवले गेले नाही' ही दोन वेगळी वाक्ये आहेत, हे समजायला शेजारच्या खाटेवर कोणीतरी लागते. १९४४ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली, १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ मध्ये सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० मध्ये औरंगाबादचे महाविद्यालय, ज्याला पुढे मिलिंद हे नाव मिळाले.

नागसेनवनाबद्दल आपल्या मागच्या पिढीशी बोलून पाहा. तिथे कोणी समुपदेशक नव्हता, डिप्रेशन हा शब्द नव्हता. पण म. भि. चिटणीस आणि पुढे म. ना. वानखेडे यांच्यासारखे प्राचार्य होते, गंगाधर पानतावणे यांच्यासारखे प्राध्यापक होते आणि वसतिगृहाच्या खोल्यांत रात्र रात्र चालणारी बोलणी होती. साठच्या दशकाच्या अखेरीस तिथूनच 'अस्मितादर्श' निघाले. दलित साहित्याचा इतिहास म्हणून हे आपण सांगतो. तो मनाच्या इतिहासाचाही भाग आहे. ज्या मुलांनी आयुष्यभर शरम गिळली होती, त्यांनी ती कागदावर उतरवली आणि ती शरम त्यांची नसून समाजाची आहे हे ठरवून टाकले. (मुलींसाठी ही दारे उशिरा आणि अरुंदच उघडली, हेही इथे कबूल करायला हवे. त्या खोल्यांतली बोलणी बहुतेक मुलग्यांची होती.)

आता दुसरा प्रवाह पाहू. तोही मुंबईतच सुरू झाला, आणि योगायोगाने त्याच काळात.

१९३६ हे वर्ष आपल्याला 'जातिप्रथेचे विध्वंसन' आणि मे महिन्यातल्या दादरच्या 'मुक्ती कोन पथे?' या भाषणासाठी माहीत आहे. त्याच वर्षी मुंबईत क्लिफर्ड मॅनशार्ट या अमेरिकन मिशनऱ्याच्या नेतृत्वाखाली सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झाले. आजचे टिस ते हेच. १९३७ मध्ये या संस्थेने बालमार्गदर्शन चिकित्सालय उघडले. भारतातले ते पहिले. शाळकरी मुलाच्या वागण्यात, अभ्यासात, मनात काही बिघडले असेल तर त्याला छडीने नव्हे, समजुतीने हाताळावे, हा विचार इथे पहिल्यांदा संस्थेच्या रूपात आला. आम्ही स्वतः समाजकार्यात आहोत. या कामाचे मोल आम्ही कमी लेखणार नाही. पुढे १९४१ मध्ये मुंबईतच बाटलीबॉय व्होकेशनल गाइडन्स ब्यूरो आणि १९४७ मध्ये पारसी पंचायतीचा मार्गदर्शन ब्यूरो सुरू झाले. मुलाचा कल पाहा, बुद्धीची चाचणी घ्या, योग्य वाट दाखवा. जिथे घरात पुस्तके, शहरात ओळखी आणि पुढे निवडायला चार वाटा होत्या, तिथे हे मार्गदर्शन उपयोगी पडले.

पण १९३६ चे बाबासाहेब काय म्हणत होते? जात ही विटांची भिंत नाही, ती मनाची अवस्था आहे. ती पाडायची तर ती पाळणाऱ्याचे मन बदलावे लागेल. म्हणजे उपचाराची गरज कोणाला आहे, याचे उत्तर त्यांनी जात पाळणाऱ्याकडे बोट दाखवून दिले होते. मार्गदर्शनाच्या प्रवाहाने उत्तर दिले ते मुलाकडे बोट दाखवून. दोन्ही उत्तरे एकाच शहरात, एकाच सुमारास दिली गेली आणि एकमेकांना कधी भेटलीच नाहीत.

स्वातंत्र्यानंतर राज्याने दुसरे उत्तर उचलले. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने शाळांतील मार्गदर्शन आणि समुपदेशनावर गांभीर्याने लिहिले. दर दहा शाळांमागे निदान एक फिरता समुपदेशक असावा, असे त्यांचे नजीकचे उद्दिष्ट होते. साठ वर्षे होत आली. तुमच्या तालुक्यातल्या दहा शाळा मोजा आणि समुपदेशक शोधा. पण आमचा मुख्य मुद्दा संख्येचा नाही. शाळेतल्या आणि घरातल्या परिस्थितीशी विद्यार्थ्याने जास्तीत जास्त चांगले समायोजन करावे, हे आयोगाने मार्गदर्शनाचे एक ध्येय मानले होते. समायोजन! ज्या शाळेत गोणपाट वेगळे आहे, त्या शाळेशी मुलाने कसे समायोजन करायचे? साठच्या दशकातल्या विद्वानांच्या मनात वाईट हेतू नव्हता. त्यांच्या डोळ्यांसमोरच्या सरासरी विद्यार्थ्याला गोणपाट नव्हते, एवढेच. हा शब्द आजही समुपदेशनाच्या अभ्यासक्रमांत आहे. समाजशास्त्राच्या एम.ए.ला आम्ही तो शिकलो, परीक्षेत त्यावर टीपही लिहिली, आणि त्यात खटकण्यासारखे काही आहे हे तेव्हा आमच्या लक्षातही आले नाही.

पुढे आरक्षणामुळे आपली मुले मोठ्या संस्थांत पोहोचली. २००६ मध्ये आरक्षणविरोधी आंदोलनाचे केंद्र दिल्लीचे एम्स होते. तिथे दलित-आदिवासी विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या वागणुकीच्या चौकशीसाठी प्रा. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. २००७ च्या तिच्या अहवालात वर्गातली वागणूक आहे, तोंडी परीक्षेतला भेद आहे, आणि वसतिगृहात आपल्या मुलांना ठराविक ठिकाणी ढकलले गेल्याचे वर्णनही आहे. दारावर शेरे, खेळाच्या मैदानावर दुरावा, मेसमध्ये वेगळे टेबल. फळ्यामागच्या डब्यांना शंभर वर्षे होत आली होती. लक्षात घ्या, ही देशातली सर्वोच्च वैद्यकीय संस्था आहे आणि तिथे मानसोपचार विभागही आहे.

मुंबईच्या नायर रुग्णालयातही तो आहे. डॉ. पायल तडवी तिथेच स्त्रीरोगशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेत होती. जळगाव जिल्ह्यातली तडवी भिल्ल समाजाची ही लेक २२ मे २०१९ रोजी गेली. तीन वरिष्ठ महिला डॉक्टरांवर गुन्हा दाखल झाला. मुलीला होणाऱ्या त्रासाची तक्रार आपण आधीच केली होती, असे तिची आई आबेदा तडवी सांगत राहिल्या. सेवा इमारतीत असून उपयोग नाही, हे पायलच्या प्रकरणाइतके स्पष्ट दुसरे काही सांगत नाही. छळणारे आणि बरे करणारे एकाच जेवणाच्या टेबलावर बसत असतील, तर पीडित मुलगी कोणत्या दारावर टकटक करणार?

रोहित वेमुलाबद्दल आम्ही नव्याने काय सांगणार? १७ जानेवारी २०१६. निलंबन, वसतिगृहातून हकालपट्टी, उघड्यावर झोपणे आणि सात महिन्यांची थकलेली फेलोशिप, एक लाख पंचाहत्तर हजार रुपये. अखेरच्या पत्रातही तो त्या पैशांचा हिशेब देऊन गेला. आम्हाला इथे सांगायचे आहे ते नंतरच्या चौकशीबद्दल. केंद्र सरकारने नेमलेल्या न्या. रूपनवाल आयोगाने निष्कर्ष काढला की त्याचा मृत्यू वैयक्तिक नैराश्यातून झाला, विद्यापीठाच्या कारवाईचा त्याच्याशी संबंध नाही. इतकेच नव्हे, तो दलित होता की नाही याचीही छाननी केली. पाहा, मानसिक आरोग्याची भाषा कशी वापरता येते! 'नैराश्य' हा शब्द उपचारासाठी असतो. इथे तो जबाबदारी झटकण्यासाठी वापरला गेला. आयआयटी मुंबईत १२ फेब्रुवारी २०२३ रोजी दर्शन सोळंकी गेला, तेव्हा संस्थेच्या अंतर्गत समितीला जातीय भेदभावाचा पुरावा सापडला नाही. सापडली ती अभ्यासातली घसरण. त्याच संस्थेच्या एससी-एसटी कक्षाच्या २०२२ च्या सर्वेक्षणात मात्र मुलांनी सांगितले होते की प्रवेश परीक्षेची रँक विचारून जात काढली जाते. अभ्यास घसरतो, पण कशामुळे घसरतो हा प्रश्न समितीच्या कक्षेत नसतो.

आमच्या दुसऱ्या तटातल्या मित्रांचा संशय इथून येतो आणि तो खरा आहे. आकडेही त्याला दुजोरा देतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालानुसार त्या वर्षी देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. त्यांत १,७६४ महाराष्ट्रातले, कोणत्याही राज्यापेक्षा जास्त. फुले-शाहू-आंबेडकरांचे नाव घेणाऱ्या राज्याचा हा पहिला क्रमांक. त्या अहवालात वय आहे, लिंग आहे, शिक्षण आहे. जातीचा रकाना नाही. २०२१ मध्ये संसदेत विचारल्यावर सरकारला सांगावे लागले की २०१४ ते २०२१ या काळात केंद्रीय उच्च शिक्षण संस्थांतील १२२ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. त्यांत २४ अनुसूचित जातींचे, ३ जमातींचे, ४१ ओबीसी. निम्म्याहून जास्त आपले. विचारले नसते तर कळलेही नसते.

आणि तरीही आम्ही दुसऱ्या तटातून का बाहेर आलो, ते आता सांगतो. यात आमची स्वतःची चूक आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या जिल्ह्यातल्या एका शासकीय वसतिगृहातला डिप्लोमाचा मुलगा आमच्या विहारातल्या अभ्यासवर्गाला येत असे. वडील वीटभट्टीवर. पहिल्या सत्रात त्याचे तीन विषय राहिले. तो गप्प झाला, मेसला जाईना, रात्री झोपत नव्हता. आम्ही त्याला समोर बसवले आणि जे आम्हाला येत होते ते केले. बाबासाहेब रोज अठरा तास अभ्यास करायचे हे सांगितले. पावाचा तुकडा आणि चहावर लंडनमध्ये दिवस काढले हे सांगितले. 'तू रडत बसलास तर समाजाचे काय?' असे विचारले. त्या १४ एप्रिलला आम्ही सलग अठरा तास अभ्यासाचा उपक्रमही घेतला आणि त्याला पहिल्या रांगेत बसवले. तो पहाटे चारला उठून गेला. नंतर चार महिने दिसला नाही.

तो सुखरूप आहे. वसतिगृहाचे गृहपाल सजग निघाले, त्यांनी त्याला जिल्हा रुग्णालयात नेले. तिथे औषधे मिळाली आणि आठवड्यातून एकदा बोलणारी एक ताई मिळाली. पुढे एकदा त्याने आम्हाला शांतपणे सांगितले, 'दादा, तुमच्या अठरा तासांनी मी आणखी खाली गेलो. वाटायचे, बाबासाहेबांना जमले, मलाच जमत नाही, म्हणजे मी त्यांचा नाहीच.'

आम्हाला त्या रात्री झोप लागली नाही. आपण काय करत होतो? बडोद्याच्या दालनात सोबतीसाठी तळमळणारे बाबासाहेब आम्ही त्याला सांगितलेच नव्हते. ते पान आम्ही वाचले होते, पण सांगण्यासारखे वाटले नव्हते. आम्हाला पोलादी बाबासाहेब हवे होते. रोहित गेल्यावर आम्ही 'संस्थात्मक हत्या' म्हणून रस्त्यावर उतरलो, ते बरोबरच होते आणि पुन्हा उतरू. पण जिवंत असताना तोच रोहित आमच्या वर्गात गप्प बसला असता तर आम्ही त्याला काय म्हटले असते? डरपोक? चळवळीला न शोभणारा? मेलेल्याला हुतात्मा आणि खचलेल्याला कमजोर म्हणण्याची सवय आपल्याही लोकांत आहे. प्रस्थापितांनी दोष मुलाच्या मनात शोधला. आपण त्याच्या निर्धारात शोधला. मुलाच्या वाट्याला दोन्हीकडून दोषच आला.

म्हणून आमचे म्हणणे असे आहे की समुपदेशकाची खुर्ची आपण नाकारायची नाही, ताब्यात घ्यायची. सर्वोच्च न्यायालयाच्या तत्त्वांत आपल्या कामाचे बरेच काही आहे आणि ते वाचायचे कष्ट आपण घेतलेले नाहीत. वंचित समूहांतल्या विद्यार्थ्यांशी कसे वागावे याचे प्रशिक्षण कर्मचाऱ्यांना द्यायचे आहे. जात, वर्ग, लिंग यांवरून होणाऱ्या छळाच्या तक्रारीसाठी गोपनीय यंत्रणा उभारायची आहे आणि तक्रारदाराला तातडीने मानसिक आधार द्यायचा आहे. म्हणजे केळुसकर गुरुजींच्या हातून एकत्र आलेल्या दोन गोष्टी कागदावर का होईना पुन्हा एकत्र आल्या आहेत. शिवाय समुपदेशकाच्या जागेसाठी सामाजिक कार्यकर्ताही पात्र ठरवला आहे. एमएसडब्ल्यू करून घरी बसलेल्या, मानसिक आरोग्याचे प्रशिक्षण घेतलेल्या आपल्या किती मुली-मुलांना हे माहीत आहे? आरक्षणाचे बिंदुनामावली तपासणारे आपण, या पदांच्या जाहिराती का तपासत नाही?

मात्र खुर्चीवर बसणाऱ्याला काही गोष्टी माहीत असल्याच पाहिजेत. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज महिनोन्महिने अडकून राहतो तेव्हा मुलाला लागणारी धास्ती हा विकार नाही. स्वाधार योजनेचे पैसे वर्ष संपल्यावर आले तर मधल्या काळात खोलीचे भाडे कोण देते? बार्टीच्या फेलोशिपसाठी ८६१ संशोधक विद्यार्थ्यांनी मुंबईच्या आझाद मैदानात दिवस काढले. त्यांना श्वासाचे व्यायाम शिकवून काय होणार होते? अशा वेळी समुपदेशकाने समाजकल्याण कार्यालयाला पत्र लिहिले पाहिजे, आणि तेही उपचाराचाच भाग मानले पाहिजे. उलट बाजूही सांगतो. शिष्यवृत्ती वेळेवर आली, कोणी जात काढली नाही, तरीही एखाद्या मुलीला अंथरुणातून उठवत नाही, असे होते. आजार जातीबाहेरचाही असतो. तिला मोर्चा नको असतो, डॉक्टर हवा असतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ ने सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवेतून उपचार मिळण्याचा हक्क दिला आहे आणि गोपनीयतेचाही. 'वेड्याचा डॉक्टर' म्हणून जे आपल्या वस्तीत हसतात, त्यांना हा कायदा सांगा. १४४१६ हा टेलि-मानसचा क्रमांक २०२२ पासून सुरू आहे, मराठीतही बोलता येते. तो विहाराच्या फलकावर पंचशीलाच्या शेजारी लावायला आम्हाला तरी संकोच वाटत नाही.

भेदभावविरोधी नियमांशिवाय ही खुर्ची लंगडी राहील, हेही तितकेच खरे. यूजीसीने २०१२ मध्ये समतेचे नियम केले, समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी नेमायला सांगितले. ते पाळले जात नाहीत म्हणून राधिका वेमुला आणि आबेदा तडवी या दोन आया २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेल्या. त्या याचिकेच्या रेट्यामुळे जानेवारी २०२६ मध्ये नवे नियम आले, सवर्ण संघटनांनी गदारोळ केला आणि त्याच महिन्यात न्यायालयाने त्यांना स्थगिती देऊन तूर्त २०१२ चेच नियम लागू ठेवले. मुले गमावलेल्या दोन आयांनी मिळवलेले नियम पंधरवडाभर टिकले. दुसऱ्या तटातल्या मित्रांचा राग आम्हाला इथे पुन्हा पटतो.

आमच्या अभ्यासवर्गाने यंदा तीन अनुदानित महाविद्यालयांत माहितीच्या अधिकाराचे अर्ज टाकले. समुपदेशक आहे का, त्याची पात्रता काय, तो आठवड्यातून किती तास बसतो, भेदभावविरोधी अधिकारी कोण, त्याच्याकडे किती तक्रारी आल्या, एवढेच प्रश्न. एका ठिकाणाहून उत्तर आले की पद मंजूर नाही. दुसरीकडे ग्रंथालयातल्या सहायकाकडे समुपदेशनाचा अतिरिक्त कार्यभार आहे, आणि तक्रारी शून्य. तिसऱ्याने उलट आम्हालाच विचारले, ही माहिती कशासाठी हवी? कायद्याने कारण सांगावे लागत नाही, हे त्यांना अपिलात कळवायचे आहे. गेल्या रविवारी विहारात बसून आम्ही अपिलाचा मसुदा केला. टाइप करायला तोच मुलगा होता. आता तो नोकरी करून पदवी पूर्ण करतो आहे. एका प्रश्नावर तो थांबला. आम्ही मानसिक त्रासाची तक्रार केलेल्या विद्यार्थ्यांची विषयवार यादी मागितली होती.

'हे काढू या, दादा,' तो म्हणाला, 'यादी मागितली तर नावे फुटतील. फक्त आकडा मागा.'

आम्ही तो प्रश्न काढला.